बीपीचा सीमाप्रश्न

कर्नाटक-गोवा सीमेवरच्या कणकुंबीत पाऊस पडला की त्यातला प्रत्येक थेंब जमिनीला लागण्याआधीच वादात सापडतो. माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा पूर्वेची वाट धरते आणि थेट कूडलसंगमला कृष्णेत जाते. शेजारचा कळसा नाला मात्र पश्चिमेकडे तोंड करून म्हादईला मिळतो. म्हणजे थेंब टेकाडाच्या अलीकडे पडला तर कर्नाटकाचा, पलीकडे पडला तर गोव्याचा, आणि कुठे पडायचं या विचारात जरा रेंगाळला तर सुप्रीम कोर्टाचा.

म्हादईच्या या पाण्यासाठी २०१० साली लवाद बसला. आठ वर्षं कागद चाळून त्याने २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाटणी सांगितली. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. दशांशचिन्हापुढे दोन आकडे! वाटणी इतकी काटेकोर झाली की तिघांनाही पटली नाही आणि तिघेही वर कोर्टात गेले.

त्याच कणकुंबीतल्या एका मामांचं बीपी मात्र तीन वर्षांत एकदाच मोजलं गेलं, तेही मामा दाढ काढायला गेले होते म्हणून. यंत्रावर १७० आणि १०० उमटलं. दाताच्या डॉक्टरांनी पकड खाली ठेवली आणि म्हणाले, "आधी हे खाली आणा, मग दाढ वर काढू." मामा दुखऱ्या दाढेसकट घरी आले. गावात त्यांनी सांगितलं, "डॉक्टर घाबरला."

आम्ही त्यांना आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर जुन्या वळणाचे. घरात लग्न कुणाचं ठरलंय, म्हैस आटलीय का, थोरला गोव्यात कुठल्या कंपनीत लागला, एवढं विचारून झाल्यावर ते बीपीचा पट्टा बांधतात. बाहेरचे लोक याला गप्पा म्हणतात. डॉक्टर याला तपासणी म्हणतात.

"मामा, रोज एक गोळी. बंद करायची नाही."

"गोळी नको. सुई मारा."

"बीपीला सुई नसते मामा."

"मग सलाईन लावा एक. अंगात ताकद म्हणून न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणून मी तुमच्या हाता-पाया पडतोय, आणि तुम्ही तेच शिरेतून मागताय?"

मामांनी क्षणभर विचार केला. "मग साखरेचं लावा."

"लावलं असतं. पण शुगरही निघालीय तुम्हाला."

मामांना हा सरळ अन्याय वाटला. मीठ नाही, साखर नाही, सुई नाही, मग दवाखान्यात यायचं कशाला? आमच्या भागात ज्या डॉक्टरकडून दंडावर कापूस चोळत बाहेर पडता येत नाही, तो डॉक्टर शिकाऊ समजला जातो. सर्दीला अँटिबायोटिक देत नाही म्हणजे त्याला औषधं ठाऊक नाहीत. आणि 'तीन दिवस थांबा, आपोआप उतरेल' म्हणाला तर त्याने फी कशाची घेतली, यावर एसटी स्टँडवर परिसंवाद होतो. सर्दीचा विषाणू अँटिबायोटिकला जुमानत नाही, हे सांगायला डॉक्टरला पाच मिनिटं लागतात. गोळी लिहून द्यायला पाच सेकंद. बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असली की भल्याभल्यांचं विज्ञान सेकंदावर येतं.

डॉक्टर म्हणाले, "आणि मामा, गुडघ्यासाठी दुकानातून ती लाल गोळी घेता ना, ती सोडा. दुखणं थांबवणाऱ्या या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर उठतात."

"पण तिनं लगेच बरं वाटतंय. तुमच्या गोळीनं काय कळतच न्हाई."

सगळी गोम इथेच आहे. दुखत नाही त्याला आजार म्हणायची आपली तयारी नसते, आणि जी गोळी घेऊन काहीच घडत नाही तिला औषध म्हणायची तर नाहीच. बीपीच्या गोळीचं यश म्हणजे अमुक दिवशी मामांना लकवा मारला नाही. त्याचा फोटो पेपरात कसा छापायचा? 'मामा नेहमीप्रमाणे चहा पिताना' अशी ओळ खाली टाकून?

फोटो येत नाही तिथे सरकार येत नाही. पण सीमाभागाची गोष्ट वेगळी. इथे एक नव्हे, तीन सरकारं येतात.

२०२३ मध्ये महाराष्ट्राला, तो हक्क सांगतो त्या कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली आणि त्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या गावांना लागू केली. कर्नाटकाला लगेच ठसका लागला. आमच्या रुग्णांना बरं करणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर होता. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे दोन्हीकडचं बीपी वाढलं. कर्नाटकाची स्वतःची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहेच. उरला गोवा. चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे बांबोळीला जायची इकडे जुनी सवय, पण तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात बाहेरच्यांना शुल्क लावायला गोव्याने २०१८ मध्येच सुरुवात केली. काजूच्या हंगामात लागणारे मजुरांचे हात घाटावरचे चालतात. त्या हाताला बांधायचा पट्टा मात्र ज्याने त्याने आपला आणावा.

आम्ही योजनांचे कागद मामांना वाचून दाखवले. हृदयाची शस्त्रक्रिया, मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे विकार, यादी लांबलचक. मामा हरखले. "मग माझं बसतंय का त्यात?"

"अजून नाही मामा. तुम्हाला नुसतं बीपी आहे. ते तसंच ठेवा, गोळी चुकवा, लोणचं-पापड-सुकट चालू द्या. एखाद्या दिवशी मेंदूतली शीर फुटली की मग दोन्ही राज्यं तुमच्यासाठी धावत येतील."

हा विनोद नाही, पात्रतेचे निकष आहेत. झाड वाळून कोसळलं की ते उचलायला क्रेन मंजूर. पाण्याची घागर कुठल्याच यादीत नाही.

घागर ठाऊक नाही असंही नाही. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. पहिल्या काही जिल्ह्यांत आमच्या घाटाखालचा सिंधुदुर्गही होता. पद्धत इतकी साधी की ऐकून निराशा यावी. सगळ्यांना ठरलेली तीच औषधं, बहुतेकांची सुरुवात ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने, प्रत्येकाचं एक कार्ड, महिन्याच्या गोळ्या जवळच्याच केंद्रात, आणि जो आला नाही त्याला निरोप. यात फीत कापायला जागा नाही. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा कोनशिला समारंभ करायचा तर कुदळ कुठे मारणार?

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि ३१ कोटींहून जास्त उच्च रक्तदाबाची माणसं मोजली. यातल्या बहुतेकांना सुपरस्पेशालिस्ट लागत नाही. लागतो तो पट्टा बांधणारा, नावाने हाक मारणारा आणि गोळी चुकवली तर रागावणारा एक जवळचा माणूस. हा माणूस कुठल्याच राज्याच्या जाहिरातीत दिसत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना आहे. कणकुंबीच्या रक्तदाबासाठी स्वतंत्र लवाद नेमावा. रक्तदाबही प्रवाहीच असतो, तेव्हा कायद्याची अडचण येऊ नये. वरचा आकडा कर्नाटकाचा, कारण ते उगमाकडचं राज्य. खालचा आकडा गोव्याचा, कारण ते घाटाखालचं. महाराष्ट्राला पूर्वीच्या निवाड्याला धरून रोज १.३३ गोळ्या. निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' आदेश असावा, म्हणजे मामांनी १७० च्या वर जाऊ नये आणि खालीही येऊ नये.

मामांना आम्ही हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लवाद किती वर्षं बसंल?"

"मागचा आठ वर्षं बसला होता."

मामांनी बोटं मोजली. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून आमच्यापुढे धरली. तिच्यात तीनच गोळ्या उरल्या होत्या.

"तवर सोमवारच्या गोळीचं बघा," मामा म्हणाले.