दरम्यान, स्वल्पविराम

आमच्या घरात आजवर कुणीही ‘दरम्यान’ म्हणून वाक्याला सुरुवात केलेली नाही. आई म्हणायची, ‘‘मी कुकर लावते, तोवर तू दूध घेऊन ये.’’ आजीच्या गोष्टीत ‘इकडे राणी’ रुसून बसायची आणि ‘तिकडे राजा’ शिकारीला जायचा. कुणाचं काही अडलं नाही. हेच राजाराणी वर्तमानपत्रात आले असते तर बातमीच्या शेवटी छापलं असतं, ‘दरम्यान, राणींशी संपर्क होऊ शकला नाही.’

शब्द तसा सरळमार्गी. फारसीतून आलेला, अर्थ ‘मध्ये’. मध्ये म्हटलं की दोन टोकं हवीत. रविवारी मध्य रेल्वेचा माटुंगा ते मुलुंड दरम्यान मेगाब्लॉक असतो, तेव्हा एका टोकाला माटुंगा असतं, दुसऱ्या टोकाला मुलुंड आणि मधे आपण. ‘दहा ते बाराच्या दरम्यान येतो’ म्हणणारा प्लंबर येत नाही, पण आकडे दोन देतो. बातमीतल्या दरम्यानचं तसं नाही. मागे पूर्णविराम, पुढे स्वल्पविराम. कशाच्या आणि कशाच्या दरम्यान, हे विचारायचं नाही.

या शब्दाची चिकाटी मात्र दांडगी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या हजाराहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. तारखेचा दिनांक झाला, मेयरचा महापौर झाला. दरम्यान होता तिथेच राहिला. त्याच्या जागी ‘मध्यंतरी’ घालून पाहा. लगेच बटाटेवड्याचा वास येतो.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी कॉपीत ‘मीनव्हाइल’ दिसला की हात आपोआप ‘दरम्यान’ लिहायचा. डोक्याला तसदी नसे. पण त्याचा खरा उपयोग कळायचा तो पान लावताना. डाक आवृत्तीची गाडी खाली उभी. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून झालेला. पान लावणारा स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचा, ‘‘साहेब, तीन ओळी कमी पडतायत.’’ मग मी उभ्या उभ्या सांगायचो, ‘‘घे. दरम्यान, या घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’’ चौथी ओळ हवी असेल तर परिसरात ‘सर्वत्र’ हळहळ. उलट मजकूर जास्त झाला, तर पहिली कात्री त्याच परिच्छेदाला. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, अशी बातमीची रीतच असते. खालून कापली तरी बातमी उभी राहते. परिसरातली हळहळ अशी जागेप्रमाणे कमीजास्त व्हायची.

एका रात्री शेजारशेजारच्या दोन बातम्यांच्या शेपट्या बदलल्या. एक बातमी पाणीपुरवठ्याची, दुसरी सामुदायिक विवाह सोहळ्याची. सकाळी गावाने वाचलं, ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शहराचा पाणीपुरवठा उद्या बंद राहील. दरम्यान, उपस्थितांनी भोजनाचा आस्वाद घेतला.’ साडेसातला पहिला फोन आला. मी माफीची तयारी ठेवूनच उचलला. गृहस्थांची तक्रार नव्हती. त्यांना जेवण कुठे आहे, एवढंच हवं होतं. बाकी कुणाला काही खटकलं नाही. ‘दरम्यान’ नंतर काहीही येऊ शकतं, याची वाचकांना आम्हीच सवय लावली होती.

आमचे वडील मात्र बातमी खालून वाचायचे. ‘‘वर मंत्री काय म्हणाले ते असतं,’’ ते म्हणायचे, ‘‘काय झालं ते तुमच्या दरम्यानमध्ये.’’ हे मला तेव्हा थोडं लागायचं, कारण खरं होतं. भूमिपूजनाची बातमी दोन कॉलम भरून वाहायची: कुदळ, नारळ, फेटे, विकासाची गंगा. अगदी तळाला, ‘दरम्यान, प्रकल्पग्रस्तांनी काळे झेंडे दाखवले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन नंतर सोडून दिले.’ एवढंच. तेही जागा उरली तर. वडील त्या दोन ओळींवर बोट ठेवून चहा मागायचे.

मासिकांच्या मुलखात हा शब्द सहसा फिरकत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे दर आश्विन-कार्तिकात ऐसपैस लिहायची सोय झाली आहे. तिथे लेखकाला पानंच्या पानं मिळतात. मधला काळ कसा गेला ते तो बसून सांगू शकतो: पाऊस पडून गेला, आंब्याला मोहोर आला, पत्र काही आलं नाही. घाई कसलीच नाही.

हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला. नोकरी सोडल्यावर मोठ्या हौसेने एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. नायिका खिडकीशी उभी, बाहेर कातरवेळ, डोळे भरून आलेले. चांगलं दीड पान जमलं होतं. पुढच्या परिच्छेदाची सुरुवात मी केली होती, ‘दरम्यान, अविनाश पुण्याकडे रवाना झाला.’

कथा साभार परत आली. ‘दरम्यान’भोवती लाल वर्तुळ होतं आणि समासात संपादकांच्या बारीक, नेटक्या अक्षरात एकच प्रश्न: ‘अधिक तपास कोण करीत आहे?’