आकाशगंगेपासून वाचवल्याबद्दल आभार

प्रति,
पांढऱ्या ट्रेलरचे मालक,
कॅम्पग्राउंड, नॅचरल ब्रिजेस, युटा

स. न. वि. वि.

काल रात्री आपण सगळ्या कॅम्पग्राउंडला फुकट उजेड पुरवलात, त्याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडेच. इथे जेमतेम १३ जागा, विजेची जोडणी नाही, जवळचं गाव ब्लँडिंग, तेही चाळीसेक मैलांवर. अंधार इतका की २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून याच जागेला मान मिळाला. अशा मागासलेल्या ठिकाणी आपण बॅटरीच्या जोरावर विकास आणलात.

गाडी आणि ट्रेलर मिळून २६ फुटांच्या वर जाऊ नये, असा इथला नियम. तो आपण काटेकोर पाळलात. उजेड किती फूट जावा याबद्दल नियमात काही नाही, हे मात्र आपण बरोबर हेरलंत.

आमच्या सासूबाई साताऱ्याहून आल्यात. त्यांना इथल्या ओवाचोमो या नैसर्गिक कमानीवरची आकाशगंगा दाखवायची होती, पण तिथवर अंधारात चालायला नको म्हणून तंबूबाहेरच खुर्च्या टाकल्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यासाठी मोबाइल खिशात, टॉर्चला लाल कागद, असा सगळा सोहळा. जरा कुठे दिसू लागलं, तर आपण ट्रेलरच्या छपराखालची एलईडीची पट्टी लावलीत. आधी पांढरी, मग निळी, मग आपोआप रंग बदलणारी. सासूबाई म्हणाल्या, "अहो जावईबापू, आमच्याकडे लोडशेडिंगला याहून जास्त तारे दिसायचे."

मग दाराशेजारचा मोठा दिवा लावून आपण आत गेलात आणि खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतलेत. उजेड शेजाऱ्यांना, अंधार स्वतःला. एवढं औदार्य हल्ली कुठे राहिलंय?

सुरक्षेसाठी लावला असेल, म्हणा. पण डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटापलीकडे कोण उभं आहे, हे दिव्याखालच्या माणसालाच दिसत नाही. पलीकडच्याला मात्र आपली कूलर-पेटी, चपला, ग्रिल, सगळं स्वच्छ दिसतं. चोराचीही सोय पाहणारा यजमान विरळाच.

किड्यांचीही सोय झाली. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. कारण रात्री उजळ असतं ते आकाश. आपल्या दिव्यानं त्यांचं आकाशच दाराच्या उंचीवर आणून ठेवलं. बिचारे घिरट्या घालत राहिले, आणि दार उघडलं की आत. रात्री आपण आत काहीतरी आपटत होतात, ते ऐकू येत होतं.

एक विनंती. आमच्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये हाच डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, भारतात पहिल्यांदाच. त्यापायी सिल्लारी आणि आसपासच्या गावांत रस्त्यावरचे शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले गेले. दिव्यानं मान खाली घालायची म्हणजे काय! एकदा तिकडे जाऊन तिथल्या लोकांना चार गोष्टी समजावून सांगाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेजारच्या तंबूतला

ता. क. – आपल्या दाराच्या आत, सहज हात जाईल तिथे बाहेरच्या दिव्याचं बटण असेल. आज रात्री त्याला चुकून धक्का लागलाच, तर घाबरू नये.