यंत्रवाहक भाचा

परदेशी जाऊन येणाऱ्या नातलगांचे जे प्रकार मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांत आढळतात, त्यांपैकी ‘यंत्रवाहक भाचा’ हा प्रकार स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. स्वतःसाठी फारसे काही न घेता मामा, आत्या, थोरले काका अशा साठी ओलांडलेल्या आप्तांसाठी जो विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी उपकरणे घेऊन परततो, तो यंत्रवाहक होय. नात्याने तो पुतण्या, नातू किंवा क्वचित जावईही असतो, परंतु वृत्तीने भाचाच, कारण मामांच्या घरी मे महिन्यात खाल्लेल्या आंब्यांचे ऋण रक्तदाब मोजण्याच्या यंत्राने फिटते, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असते.

या प्रकाराचा पूर्वज 1980 च्या दशकात आखातातून ‘टू-इन-वन’, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले यंत्र, घेऊन येत असे. तशी वस्तू त्या काळी इथे सहजी मिळत नसल्यामुळे त्याच्या खरेदीला काही अर्थ तरी होता. आज तेच रक्तदाबयंत्र कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात, वॉरंटीसह आणि कधी कधी स्वस्तातही मिळते, हे भाच्याला ठाऊक नसते असे नाही. पण कोपऱ्यावरून आणलेल्या वस्तूला कोणी शेजाऱ्यांना बोलावून दाखवत नाही, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून सिंगापूरच्या मुस्तफा सेंटरमध्ये किंवा दुबईच्या देरा भागात सहप्रवासी अत्तरे हुंगत असताना हा मात्र व्हिडिओ कॉल लावून मामांना खोके दाखवत उभा असतो, मामा “अरे, कशाला उगीच?” म्हणतात आणि मामी मागून रंग कोणता आहे ते विचारतात.

अडचण वस्तूच्या गुणवत्तेत नसून, प्रत्येक वस्तू आपला देश पोटात घेऊन येते, यात आहे. अमेरिकेतील घरगुती वीज 120 व्होल्ट आणि सेकंदाला 60 आवर्तनांची, तर भारतातील 230 व्होल्ट आणि 50 आवर्तनांची असते. भाचा सोबत अ‍ॅडाप्टर आणतो. परंतु अ‍ॅडाप्टर हा केवळ पिनांचा आकार जुळवणारा जोड असून व्होल्टेज कमी करण्याचे काम ट्रान्सफॉर्मरचे असते, हा भेद घरात धूर झाल्यावरच सर्वांना समजतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अमेरिकी शेकपट्टी थेट आपल्या प्लगात लावली असता मामांच्या कंबरेला जवळजवळ चौपट शेक मिळू लागतो, अर्थात तो फार काळ टिकत नाही. पुढच्या खेपेस ट्रान्सफॉर्मर येतो, तो भेटवस्तूहून जड असतो, आणि तरीही आवर्तनांचा प्रश्न शिल्लक राहतो. कारण विजेची आवर्तने मोजून वेळ दाखवणारे अमेरिकी घड्याळ इथे तासाला दहा मिनिटे मागे पडते. रात्री दहाला लावलेले असे घड्याळ पहाटे सहाला चार वाजून चाळीस मिनिटे दाखवते, आणि मामा ज्या बातम्यांसाठी उठणार असतात त्या चुकतात. त्या चुकल्या नसत्या तरी फार लाभ नव्हता, कारण त्या घड्याळातील रेडिओ मध्यम लहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र 792 वर असल्यामुळे तो 790 वरून थेट 800 वर जातो.

आत्याबाईंचे प्रकरण याहून नाजूक आहे. लंडनहून आणलेले रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र मिलिमोल प्रतिलिटर या एककात आकडा दाखवते, आपल्याकडे मात्र मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर हे एकक प्रचलित आहे. पहिल्याला 18 ने गुणले की दुसरे मिळते. ब्रिटिश यंत्रावरचा 7 म्हणजे आपला 126, आणि तो उपाशीपोटी आला असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा; पण वर्षानुवर्षे दीडशे-दोनशे ऐकत आलेल्या आत्याबाईंना तो परदेशी तंत्रज्ञानाचा गुण वाटतो आणि त्या दिवशी त्या श्रीखंडाची दुसरी वाटी घेतात. सुदैवाने या यंत्राला त्याच्याच बनावटीच्या पट्ट्या लागतात, त्या इथल्या दुकानात मिळत नाहीत, आणि सोबत आलेल्या पट्ट्या संपल्यावर आत्याबाई पुन्हा प्रयोगशाळेच्या आश्रयाला जातात.

सीमाशुल्काविषयी भाच्याचे ज्ञान ऐकीव असते. 2016 च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला 50 हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंना सूट दिली, पण सपाट पडद्याचा टीव्ही तीत धरला नाही, एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते, आणि तेवढ्या भांडवलावर तो रांगेत इतका घाम गाळतो की अधिकाऱ्यास नसलेला संशयही यावा. बॅगेत जागा व्हावी म्हणून खोकी फेकून द्यावीत, तर मामांच्या दृष्टीने परकीय लिपीतील खोके हीच निम्मी भेट असते. म्हणून ती घडी घालून स्वेटरांखाली येतात, पुन्हा उभी केली जातात आणि माळ्यावर जातात. काही काळाने त्यांच्यात यंत्रही जाते.

अशा अनेक खेपांनंतर, भाचा जपानला निघाला आहे असे कळताच, मामा आयुष्यात प्रथमच मागणी करतात: तिथले नेलकटर चांगले असते म्हणतात, मिळाले तर एक आण. भाचा गहिवरतो, टोकियोच्या अकिहाबारा बाजारात अर्धा दिवस घालवतो आणि नखे घासणारे विजेवरचे यंत्र घेऊन येतो, ज्याचा चार्जर 100 व्होल्टचा आणि माहितीपुस्तिका संपूर्ण जपानी भाषेत असते.