परवडणारा बीप

नाना मूळ साताऱ्याचे. गेली चाळीस वर्षं इंग्लंडात, सफक परगण्यात असतात. तिथल्या कौन्सिलच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की आता आपण छंद म्हणून मेटल डिटेक्टर घेणार. काकू म्हणाल्या, "घ्या." हे उत्तर नानांना मुळीच आवडलं नाही. विरोध झाला असता तर निदान बजेट ठरलं असतं.

नानांसारखी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. मिक्सर आणायला जातात आणि दुकानदाराला मोटारीच्या वाइंडिंगवर प्रवचन देऊन रिकाम्या हातांनी परत येतात. पैसे नसतात असं नाही. पैसे असतातच, असेच तर साठलेले असतात. महाग वस्तू त्यांना नको असते आणि स्वस्त वस्तूवर त्यांचा विश्वास नसतो. जी खरं म्हणजे महाग असायची, पण कोणाच्या तरी गफलतीने स्वस्त राहिली, अशी वस्तू त्यांना हवी असते.

सफकमध्ये राहून हे वेड लागणं तसं साहजिक. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्याच हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं. मित्राला लागलं रोमन काळातलं घबाड: पंधरा हजारांच्या आसपास नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. किंमत ठरली १७ लाख ५० हजार पौंड. हातोडाही मिळाला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. ही हकिगत ऐकून दुसरा कोणी दुकान गाठता. नानांनी निष्कर्ष काढला, की मशीन दुय्यम आहे, मुळात हरवायला योग्य वस्तू हवी. बरेच दिवस ते आपल्या हातोड्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होते.

पुढे त्यांच्या वाचनात आलं, की २००९ साली स्टॅफर्डशरमध्ये सापडलेलं अँग्लो-सॅक्सन सोनं, ज्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली, ते एका जुन्यापुराण्या मशीनवर लागलं होतं. झालं! तेव्हापासून नवं मशीन म्हणजे उधळपट्टी.

मग रजिस्टर निघालं. हिरव्या बांधणीचं, लाल रेघांचं. रकाने असे: मशीन, फ्रिक्वेन्सी, वजन, बॅटरी, किंमत पौंडात, किंमत रुपयात आणि शेवटी "का घेऊ नये". हा शेवटचा रकाना ते आधी भरत. तीस-चाळीस पौंडांची मशीन पहिल्याच पानावर बाद झाली. "खेळणी आहेत ती," नाना म्हणाले. "खिळ्यालाही ओरडणार आणि चांदीलाही तसंच ओरडणार. माणसाने दिवसभर काय खिळे उकरायचे?"

खरी चुरस त्याच्या वरच्या गटात होती. अमेरिकेच्या गॅरेटचं एस ३००आय हे ८ किलोहर्ट्‌झवर चालणारं, साधं, दणकट मशीन. पण जमिनीवरून फिरवायची कॉइल तेवढी भिजलेली चालते, वरचं यंत्र कोरडं ठेवायचं. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबचं व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं, त्यामुळे समुद्राच्या ओल्या, खारट वाळूत एका फ्रिक्वेन्सीची मशीन विनाकारण किणकिणत असताना ते शांत राहतं. तुर्कस्तानच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स १२ किलोहर्ट्‌झचं, आणि अख्खंच्या अख्खं पाण्यात बुडवता येतं.

"मी पाण्यात जाणार नाही," नाना म्हणाले. "मग पाण्याचे पैसे मी का भरायचे?"

पुढच्या भेटीत म्हणाले, "पण समजा, गेलोच तर?"

कॉइलवरूनही असंच. मोठी कॉइल जरा खोल बघते, पण जवळजवळच्या दोन वस्तूंना एकच समजते. छोटी कॉइल दोन्ही वेगळ्या दाखवते, पण तिच्याने शेत संपता संपत नाही. शिवाय या किमतीच्या मशीनला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर लागली तरी पुष्कळ झालं. नानांनी एका विक्रेत्याला फोन करून विचारलं, "रोमन लोकांनी वीतभरच पुरलं असेल, याची हमी काय?" समोरून बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि ते मौन नानांनी शेवटच्या रकान्यात नोंदवलं.

कायद्याचाही हिशेब झाला. इंग्लंडात शेतमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित स्थळांवर मशीन न्यायचंच नाही. तीनशे वर्षांहून जुनं सोनं-चांदी सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. संग्रहालयाने ते घेतलं तर बक्षीस मिळतं, पण त्यातला निम्मा वाटा सहसा जमिनीच्या मालकाचा. "म्हणजे मशीनची किंमत दुप्पटच धरायला हवी," नाना म्हणाले. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. बोलणाऱ्याच्या आत्मविश्वासामुळे त्या वेळी पटलं होतं.

मग त्यांना सातारा आठवला. मशीन घेऊन गावी गेलो तर खर्च वसूल होईल, असं त्यांनी फोनवर पुतण्याला सांगितलं. पुतण्या म्हणाला, "नाना, पाया पडतो, ते इकडं आणू नका. 'छावा' सिनेमा लागला तेव्हा तिकडं असीरगडाजवळ लोक रात्री बॅटऱ्या न् डिटेक्टर घेऊन मुघलांचं सोनं उकरत होते. तुम्ही परड्यात नुसते उभे राहिलात तरी गावभर होईल, की म्हाताऱ्याला गुप्तधन लागलंय." शिवाय आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. यातली जबाबदारी नानांच्या कानावरून गेली. १८७८ चे दहा रुपये म्हणजे आजचे किती, यात मात्र त्यांचे दोन दिवस बरे गेले.

"नाना, एकदा घेऊन टाका ना," असं कोणी म्हणालं, की नाना १८८१ सालात शिरतात. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात गोळी अडकली होती. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल ती शोधायला यंत्र घेऊन गेले. गोळी काही लागली नाही. गादीत धातूच्या स्प्रिंगा, आणि डॉक्टर शरीराची एकच बाजू तपासू देईनात. "यंत्र चांगलं होतं," नाना म्हणतात, "गादी वाईट होती. म्हणून घाई करायची नाही." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे विचारायची हिंमत तिथल्या मराठी मंडळात कोणालाही झालेली नाही.

शेवटी शेजारच्या गोऱ्या आजोबांनीच आपलं मशीन शनिवार-रविवारपुरतं वापरायला दिलं. फुकट! नानांनी मागच्या बागेत रीतसर चाचणी मांडली. एक जुनी पेनी पुरली, एक खिळा, बिअरच्या डब्याची कडी, चॉकलेटची चांदी. सोन्याचा नमुना म्हणून काकूंची अंगठी. पाखरांच्या पाण्याच्या दगडी भांड्यापासून प्रत्येक वस्तूचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून रजिस्टरात लिहिलं. मग कचऱ्याचे बीप नकोत म्हणून मशीनचं डिस्क्रिमिनेशन चढवलं आणि चांदीचा कागद, कड्या, सगळं गप्प केलं.

पेनी लागली. अंगठी लागेना.

यात मशीनचा दोष नव्हता. मशीनला सोनं कळत नाही, वीज किती सहज वाहते तेवढं कळतं, आणि त्या मोजमापात बारीक सोन्याची अंगठी नेमकी चांदीच्या कागदाच्या आणि डब्याच्या कडीच्या पंक्तीला बसते. कडीचं तोंड बंद केलं, की अंगठीचंही होतं. हे नानांच्या रजिस्टरात पान १७ वर लाल शाईने लिहिलेलं होतं. मोजमाप तरी होतं. पण भांड्याखाली गवत पिवळं पडतं म्हणून काकूंनी दुपारीच ते सरकवलं होतं.

"किती सरकवलंस?" नानांनी विचारलं.

"मी काय सेंटिमीटर मोजत बसले होते?"

रविवारी सकाळी शेजारचे आजोबा आले. त्यांनी डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं, गुडघ्यावर बसले आणि प्रत्येक बीप उकरत गेले. कडी, कागद, नळाची चकती, कोणत्या तरी पोराची खेळण्यातली मोटार, परत कागद, आणि मग अंगठी. काकूंनी ती धुऊन बोटात घातली आणि आजोबांसाठी बटाटेवडे तळायला घेतले.

नाना आत जाऊन रजिस्टर घेऊन बसले. मी डोकावलो. त्यांनी नवं पान काढलं होतं: जमा आणि खर्च. जमेच्या बाजूला अंगठी, वजन, त्या दिवसाचा सोन्याचा भाव. खर्चाच्या बाजूला शून्य.

"काकूंचीच होती ती," मी म्हणालो.

"सापडली की नाही?" नाना म्हणाले. "मशीन न घेताच छंद फायद्यात आहे. आता घेतलं तर तोटा सुरू होईल."