जुनी सिंगल माल्ट कशी चाखावी : राळेगावकरांसाठी सोपी कृती

साहित्य : १८ वर्षांच्या स्कॉच सिंगल माल्टची एक बाटली (परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, तेव्हा मावसभावाला वेळेत सांगून ठेवावं), बुडाशी फुगीर नि तोंडाशी निमुळते काचेचे ग्लास, साधं पाणी, एक चमचा आणि चार माणसं. सोडा, शेव-चिवडा आणि पाचवा माणूस साहित्यात धरलेला नाही.

पात्रता : वय २५ पूर्ण. शिवाय महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. असा काही परवाना असतो हे ज्यांना आत्ताच कळलं, त्यांनी वाचन इथेच थांबवून आधी तो काढावा.

स्थळ : वर्धा नदीच्या अलीकडे कुठेही. पलीकडे वर्धा जिल्हा लागतो, तिथे दारूबंदी आहे; वासाचं कौतुक पोलिसांसमोर करावं लागेल.

पूर्वतयारी : आधी लेबल वाचा. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून काढलेली. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर तिला स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात. १८ हा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण थेंबाचा. बाटलीत भरली की वय थांबतं. लग्नात मिळालेली १२ वर्षांची बाटली कपाटात वीस वर्षं जपली, तरी ती बाराचीच राहते.

किंमत पाहून घाम फुटला तर एवढं ध्यानात घ्यावं : पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के माल हवेत उडतो. ह्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. १८ वर्षांत तीसेक टक्के गेला. बंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली, पण त्यांच्या गोदामात वर्षाला दहा-बारा टक्के उडते. राळेगावच्या मे महिन्यात पिंप ठेवलं, तर देवदूतांच्या पंगती उठतील आणि आपल्या हाती लाकूड राहील.

कृती :

१. ग्लासात ३० मिली ओता. ‘येवढीशीच काय बाप्पा?’ असं कुणीतरी म्हणेल. उत्तर देऊ नये.

२. रंग पाहा, पण त्यावर भाळू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याची मुभा आहे.

३. ग्लास नाकाशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. नाक आत खुपसलं तर नुसता अल्कोहोलचा झटका बसेल. इथे घाई नको, कारण खरा माल ह्याच पायरीवर आहे. शेरीच्या पिंपात मुरलेली असेल तर मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचून अंगणात वाळत घातलेली मोहफुलं ज्याने हुंगली आहेत, त्याला हा वास नवा नाही. बर्बनच्या पिंपातली असेल तर व्हॅनिला आणि खोबऱ्याची वडी. आयला बेटावरची असेल तर बहुधा धूर, कारण तिथे जव पीट नावाची दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर वाळवतात. तुराट्यांच्या चुलीपाशी डोळे चोळत वाढलेल्यांनी इथे खुशाल मान डोलवावी.

४. छोटा घोट घ्या. गिळू नका, जिभेवर सगळीकडे फिरवा, जरा चावल्यासारखं करा. मग गिळा आणि गप्प बसा. घशात चव किती वेळ रेंगाळते ते पाहायचं असतं. ह्या वेळात कापसाच्या भावाचा विषय काढणाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलावू नये.

५. चमच्याने पाण्याचे चार थेंब टाका. धुरकट वासाचं ग्वायकॉल नावाचं द्रव्य पाणी पडल्यावर पृष्ठभागाकडे येतं, असं स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडून दाखवलं. चार थेंब म्हणजे चार. अर्धा तांब्या नव्हे.

६. बर्फ नको, गारठ्याने वास दबतो. पुस्तकं ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणतात ती खोली स्कॉटलंडमधली. आपल्याकडे पारा ४५ वर असताना हा उद्योग करू नये, पौषापर्यंत थांबावं. १८ वर्षं थांबलेल्या बाटलीला त्याचं काही नाही.

टीप : इंग्रजी पुस्तकातले वास पाठ करू नका. हीदरचं झुडूप आपण पाहिलेलं नाही, तेव्हा ते ग्लासात सापडलं म्हणून सांगू नये. कुटाराची गंजी, गुळाची ढेप, वखारीतलं सागवान, जे आठवेल ते बोला. ज्याने आयुष्यात जास्त वास घेतले, त्याचं नाक खरं. ह्या बाबतीत राळेगाव कोणत्याही महागड्या बारच्या पुढे आहे.

खबरदारी : नदीच्या अलीकडे आपल्या जिल्ह्यातही दारूबंदी व्हावी म्हणून बायकांनी मोर्चे काढले आहेत. ‘ती वेगळी आणि ही वेगळी’ हे घरी समजावायला जाऊ नये. वेगळेपण दाखवायचंच असेल तर दुसरा पेग न भरता उठून दाखवावं. त्याची कसोटीही सोपी आहे : पहिल्याचा वास आठवत असेल तर दुसऱ्याची गरज नाही, आणि आठवत नसेल तर उपयोग नाही.

साठवण : बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर दारू लागून बूच खराब होतं. अर्ध्याच्या खाली गेली की आतल्या हवेने वास हळूहळू उतरतो. तसं होऊ देण्यापेक्षा तीच चार माणसं पुन्हा बोलवावीत, आणि त्यांना घरी पायी जाऊ द्यावं.