चुका मुलांच्याच का?

शाळांमधली कृतिसंशोधनं मी बरीच वाचली आहेत. स्पायरल बायंडिंग, ऋणनिर्देश, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी. विषयही ठरलेले: चौथीच्या मुलांच्या शुद्धलेखनातल्या चुका, सहावीच्या मुलांना भागाकारात येणाऱ्या अडचणी. मुख्याध्यापकांच्या संशोधनातही तेच. ‘माझ्या कामात कुठे चुकतंय’ हा विषय मला जवळजवळ कधीच सापडला नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची मांडणी केली. पुढे १९५३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या स्टीफन कोरी यांनी ते शाळेत आणणारं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जो काम करतो, त्यानेच आपले निर्णय पुराव्यानिशी तपासावेत आणि बदलावेत. वेळापत्रक, तासांची वाटणी, वर्गभेटी हे निर्णय मुख्याध्यापकाचेच ना? मग तपासणी मुलांच्या वह्यांपाशीच का थांबते?

अपवाद म्हणून जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिका मला आठवतात. मधल्या सुट्टीनंतर मुलं उशिरा वर्गात येत. आधी बाईंनी सगळ्यांसारखंच केलं, परिपाठात दम भरला. उपयोग झाला नाही. मग आठवडाभर त्या घड्याळ आणि वही घेऊन नळापाशी उभ्या राहिल्या. नळ दोन, खिचडीची ताटं दीडशेच्या वर. शेवटचं ताट धुऊन होईपर्यंत घंटा होऊन बारा-तेरा मिनिटं गेलेली असत. मुलं रेंगाळत नव्हती, रांगेत उभी होती. आणि सगळ्या वर्गांना एकाच वेळी सुट्टी देणारं वेळापत्रक बाईंनीच आखलेलं होतं. त्यांनी पहिली-दुसरीची सुट्टी पंधरा मिनिटं आधी केली आणि पुन्हा आठवडाभर मोजलं. (हे दुसऱ्यांदा मोजणं फार कमी जण करतात. माझ्या मते खरं संशोधन तेच.) उशीर तीन-चार मिनिटांवर आला.

अहवाल भरला दीड पान. पहिलंच वाक्य होतं, ‘वेळापत्रक करताना मी नळ मोजले नव्हते.’

सध्या त्या स्वतःच्या वर्गभेटी मोजताहेत. वहीत दोन रकाने आहेत: किती वर्गांत गेले आणि बाहेर पडल्यावर किती शिक्षकांशी बोलले. दुसरा रकाना अजून बराच रिकामा आहे.