पिवळा म्हणजे कोणता पिवळा?

पोळ्याला बैलाच्या शिंगांचा रंग आमच्या रिठदमध्ये दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरतो. बैलाचं मत कोणी विचारत नाही. बैठकीच्या खोलीचं तसं नसतं, कारण तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला मत असतं आणि न बसणाऱ्यांना तर जास्तच.

आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा, खाली गेरूचा पट्टा, की झाली दिवाळी. पुढे चुना आला. त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. नीळ जास्त पडली तर घर वर्षभर निळं, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नसे. चुन्याला पर्याय एकच, पुढच्या वर्षीचा चुना.

आता घरावर स्लॅब पडला, पुट्टी झाली, प्रायमर झाला आणि वाशिमच्या दुकानातून बायकोने शेडकार्ड आणलं. तेव्हापासून घरात पेपर कोणी उघडत नाही. दीड-दोन हजार छटा! एकट्या पांढऱ्याचे पानभर प्रकार. बाबांनी चष्मा पुसून ते पान निरखलं आणि निकाल दिला, "हे सारे एकच व्हय. छापणाऱ्यानं पैसे घेतले अन् शाई टाकलीच नाही."

मायला पिवळा हवा होता. "पण हरभऱ्याच्या दाईचा नाही, तुरीच्या दाईचा." बायकोच्या मनात फिकट पोपटी. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने फोनवरून ग्रे सुचवला, सध्या सगळीकडे तोच चालतो म्हणे. माय दचकली. "राखेचा रंग? काऊन व, कोनी मेलं काय घरात?" बाबांचा आग्रह फक्त खालच्या चार फुटांपुरता होता. तिथे ऑइलपेंट. आमच्या बैठकीत भिंतीला टेकून बसायच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येक जागेमागे ज्याच्या त्याच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे. बाबांचा डाग सगळ्यात उंच. तो पुसता आला पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं, आणि मला विचाराल तर त्या घरातलं तेवढंच शहाणपणाचं.

इतक्यात मास्तर काका आले. त्यांना कुठलाही विषय वाकाटकांपर्यंत नेता येतो. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं करवून घेतलं. "त्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा अन् हिरवी माती एवढ्यावर भागवलं. निळ्या रंगाचा लाजवर्द तेवढा दुरून आणला. अन् तुम्हाले एक खोली रंगवता येईना?"

"लेण्यात ऱ्हात कोन होतं?" मायने विचारलं.

"भिक्षू."

"मंग बराबर हाय. ना सासू, ना सून. ठरत असंन झटक्यात."

पेंटरने मात्र कार्ड मिटून बाजूला ठेवलं. त्याचं म्हणणं, बोटाएवढ्या चौकोनात रंग फिकटच दिसतो; तोच चार भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि खोली गडद होते. म्हणून मनातल्यापेक्षा एक पायरी फिकट घ्यायचा. भिंतीवरच दोन फुटांचा पट्टा मारायचा, दोन हात द्यायचे आणि वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण ओलं इमल्शन वाळल्यावर गडद होतं.

शेवटची अट सोडून आम्ही सगळं पाळलं. मायचा पिवळा सकाळी अगदी तुरीच्या डाळीचा निघाला. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन शिरलं की तोच हळदीचा होई, आणि रात्री ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात हिरवट. बायको म्हणाली, "पाहा, पोपटीच झाला शेवटी!" दूध घालायला आलेला, लग्नपत्रिका द्यायला आलेला, जो तो भिंतीपुढे उभा राहून मत देऊन गेला. लाइट गेली की सगळे पट्टे सारखे दिसत. तेवढ्या वेळापुरती घरात शांतता असे.

मग पेंटरला दुसऱ्या गावचं काम आलं आणि त्याने विचारलं, "सांगता, का जाऊ?" एका मिनिटात पिवळा ठरला. खाली ऑइलपेंट.

तुमच्या घरी रंग निघणार असेल तर लागतील तेवढे डबे एकदमच घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करा. मशीनवर दुसऱ्यांदा बनवलेला रंग त्याच नंबरचा असला तरी कधी कधी भिंतीवर वेगळा पडतो. आणि काम झालं की शेडकार्ड त्याच दिवशी दुकानात परत करा. ते घरात राहिलं, तर स्वयंपाकघर निघतं.